आवाज, आकडा आणि मौन : छायाचित्र-संकेतस्थळाच्या पुनर्रचनेला मिळालेल्या प्रतिसादाच्या मोजमापाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘फ्लिकर’ हे छायाचित्रांच्या देवाणघेवाणीसाठी जगभर ओळखले जाणारे संकेतस्थळ होय. २० मे २०१३ रोजी त्याचे रूप एका दिवसात पालटले. छोट्या छायाचित्रांभोवतीची पांढरी मोकळी जागा गेली, पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोठी छायाचित्रे दाटीने मांडली गेली आणि छायाचित्रांचे शीर्षक व मजकूर मागे ढकलला गेला. त्याच दिवशी प्रत्येक सदस्याला एक टेराबाइट इतकी साठवणीची जागा विनामूल्य देण्यात आली. जुन्या सदस्यांनी हजारोंच्या संख्येने निषेध नोंदविला. संकेतस्थळाच्या चालकांनी आपला निर्णय मात्र कायम ठेवला.

या घटनेतून एक प्रश्न उभा राहतो. लोकांनी नव्या मांडणीला खरोखर कसा प्रतिसाद दिला, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवायचे? निषेधाच्या पत्रांवरून, की यंत्राने नोंदविलेल्या वापराच्या आकड्यांवरून? प्रश्न संगणकशास्त्राचा वाटला, तरी त्याचे मूळ स्वरूप इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित आहे. एकाच घटनेविषयी दोन प्रकारची साधने उपलब्ध असतात, दोन्ही अपुरी असतात आणि दोन्ही कोणाच्या तरी हितसंबंधातून निर्माण झालेली असतात. अशा वेळी साधनचिकित्सा करावी लागते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या विषयाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, लोकांच्या प्रतिसादाचे वा परिस्थितीचे मोजमाप करताना उद्भवणाऱ्या वादांची भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा तपासणे. दुसरे, २००६ मधील ‘फेसबुक’ व २०१३ मधील ‘फ्लिकर’ या दोन पुनर्रचनांमध्ये उपलब्ध झालेल्या पुराव्याचे मूल्यमापन करणे. तिसरे, अशा मोजमापासाठी किमान कोणत्या अटी पाळल्या जाव्यात हे निश्चित करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

पूर्वपीठिका : आणेवारी आणि पीक कापणी प्रयोग

एकाच वस्तुस्थितीचे दोन पक्षांनी दोन आकडे सांगावेत, ही गोष्ट पश्चिम भारताच्या महसुली इतिहासात नवी नाही. मुंबई इलाख्यात पिकाचा अंदाज आण्यांत व्यक्त केला जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या प्रमाणात हंगामाचे पीक किती आले याचा नजरअंदाज महसूल खात्याचे कर्मचारी करीत व त्यावर शेतसाऱ्याची सवलत अवलंबून असे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहातील वाद मूलतः या आणेवारीचा होता. पीक चार आण्यांपेक्षा कमी असल्यास सारा तहकूब होण्याची तरतूद होती. शेतकरी पीक चार आण्यांहून कमी असल्याचे सांगत होते, तर सरकारी अंदाज त्याहून अधिक होता. शेतकऱ्याला पीक कमी दिसावे आणि सरकारला अधिक दिसावे, यात आश्चर्य नव्हते. वादाचे कारण असे की, दोघांनाही मान्य होईल असे मापच अस्तित्वात नव्हते.

हे माप पीक कापणी प्रयोगाने पुरविण्याचा प्रयत्न झाला. शेत यादृच्छिक पद्धतीने निवडायचे, त्यात ठरावीक आकाराचा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून तालुक्याचे सरासरी उत्पादन काढायचे, ही त्याची रीत. तथापि तुकडा किती मोठा असावा, यावर १९४० च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रज्ञांमध्ये महत्त्वाचा मतभेद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल अनेक लहान तुकडे घेण्याकडे होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लहान तुकड्यांमुळे उत्पादनाचा आकडा फुगतो, असे प्रयोगाने दाखवून दिले.

त्याचे कारण साधे परंतु मूलगामी आहे. तुकड्याच्या हद्दीवर उभ्या असलेल्या रोपाचे काय करायचे, हा निर्णय कापणाऱ्याच्या हाती असतो आणि त्याचा कल असे रोप आत घेण्याकडे असतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्रफळाच्या मानाने त्याची हद्द मोठी ठरते आणि चुकीचे प्रमाण वाढते. शंभराऐवजी हजार लहान तुकडे घेतले, तरी ही चूक नाहीशी होत नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते. संख्या वाढविल्याने यादृच्छिक चूक कमी होते. एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र तशीच राहते. कोट्यवधी क्लिक मोजणाऱ्या आजच्या यंत्रणेलाही हे तत्त्व तंतोतंत लागू पडते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते : नमुना पाहणीचा अनुभव

यादृच्छिक नमुन्याचे तत्त्व पुढे पिकांवरून माणसांच्या वर्तनाकडे वळले. या प्रवासात रोहे परिसराला आपला वाटावा असा एक दुवा आहे. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले आणि ज्यांच्या घराण्याचा रोह्याशी निकटचा संबंध होता ते चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना, १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीस प्रारंभ झाला. तिच्या रचनेमागे महालनोबिस यांची दृष्टी होती. रोह्यालगतच्या वरसे येथील एखाद्या कुटुंबाने गेल्या महिन्यात तांदळावर किती खर्च केला, यासारख्या साध्या उत्तरांच्या आधारे देशाच्या राहणीमानाचे चित्र उभे करता येते, हा विश्वास या उपक्रमाच्या मुळाशी होता.

मात्र ‘गेल्या महिन्यात’ असे विचारायचे की ‘गेल्या आठवड्यात’, यावर उत्तर अवलंबून असते. १९९३-९४ च्या ५० व्या फेरीत अन्नपदार्थांवरील खर्च ३० दिवसांचा विचारला गेला होता. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत सात दिवसांचा व ३० दिवसांचा असे दोन्ही प्रश्न एकाच पत्रकात आले. दरम्यान दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवरून सुमारे २६ टक्क्यांवर आले. त्यातील किती घट वास्तविक आणि किती पत्रकाच्या बदलामुळे, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये दीर्घ चर्चा झाली. मोजण्याचे साधन आणि मोजावयाची परिस्थिती एकाच वेळी बदलली, तर फरकाचे श्रेय कोणाला द्यायचे हे सांगता येत नाही, हा त्या चर्चेचा धडा होय. फ्लिकरच्या प्रकरणात हीच अडचण वेगळ्या रूपाने पुन्हा समोर येते.

सांगणे आणि करणे : ‘गूगल’चा प्रयोग

संकेतस्थळांच्या बाबतीत मोजमापाची एक नवी सोय निर्माण झाली. वापरणाऱ्याला न विचारताही त्याचे वर्तन नोंदविता येऊ लागले. त्याचबरोबर, काही लोकांना जुने रूप व काहींना नवे रूप यादृच्छिक पद्धतीने दाखवून दोन गटांची तुलना करणेही सोपे झाले. ही पद्धत मूळची शेतीतली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात खतांच्या प्रयोगांसाठी ती विकसित केली होती. शेताच्या वाफ्यांची जागा आता संगणकाच्या पडद्यांनी घेतली, एवढाच फरक.

२००६ मध्ये गूगलच्या तत्कालीन अधिकारी मरिसा मायर यांनी एका व्याख्यानात असाच एक अनुभव सांगितला होता. एका पानावर किती शोधनिष्कर्ष हवेत, असे विचारले असता लोकांनी दहापेक्षा अधिक हवेत असे सांगितले. त्यानुसार काही वापरकर्त्यांना तीस निष्कर्ष दाखविण्यात आले. त्या गटाचा वापर व त्यापासून मिळणारे उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी घटले. दहा निष्कर्षांचे पान सुमारे ०.४ सेकंदात उमटत असे, तर तीस निष्कर्षांच्या पानाला सुमारे ०.९ सेकंद लागत. लोकांनी जे मागितले त्याची किंमत अर्ध्या सेकंदाची प्रतीक्षा होती आणि ती किंमत प्रश्नात सांगितलेली नव्हती.

या उदाहरणावरून ‘लोक सांगतात एक आणि करतात दुसरे’ असा सोपा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो पुरेसा नाही. लोक खोटे बोलले नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न आणि त्यांच्यासमोर प्रत्यक्ष आलेली वस्तू यांत अंतर होते. हे अंतर उघड झाले ते तुलनेसाठी जुन्या रूपाचा गट शिल्लक ठेवल्यामुळे.

२००६ : निषेधाचा पूर आणि वाढता वापर

निषेध आणि वापर यांतील विसंगतीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण ५ सप्टेंबर २००६ चे आहे. मित्रांच्या हालचाली एका अखंड यादीत दाखविणारी ‘न्यूज फीड’ ही सोय त्या दिवशी फेसबुकवर सुरू झाली. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, फेसबुकवर छायाचित्रे ठेवण्याची सोय झालेली होती. त्यामुळे कोणी कोणते छायाचित्र लावले हेही आता सर्व मित्रांसमोर आपोआप येऊ लागले. या सोयीच्या निर्मितीत प्रमुख भूमिका असलेल्या व तिची घोषणा करणाऱ्या रुची संघवी या मूळच्या पुण्याच्या. फेसबुकच्या त्या पहिल्या महिला अभियंत्या होत्या.

प्रतिसाद तीव्र होता. निषेधासाठी फेसबुकवरच स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाची सदस्यसंख्या काही दिवसांत सात लाखांच्या आसपास पोहोचली. त्या वेळी फेसबुकची एकूण सदस्यसंख्या एक कोटीच्या जवळपास होती, हे लक्षात घेता हा आकडा लहान म्हणता येणार नाही. ८ सप्टेंबरला संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर क्षमा मागितली व कोणती माहिती दिसावी हे ठरविण्याची अधिक सोय सदस्यांना दिली. न्यूज फीड मात्र मागे घेतले नाही.

पत्रकार डेव्हिड कर्कपॅट्रिक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेसबुकच्या इतिहासात याची कारणमीमांसा आढळते. ऑगस्ट २००६ मध्ये सदस्यांनी सुमारे १२ अब्ज पाने पाहिली होती, ऑक्टोबरमध्ये ही संख्या २२ अब्जांवर गेली. शिवाय निषेधाचा गट इतक्या वेगाने वाढला तोच न्यूज फीडमुळे, कारण एक मित्र गटात सामील झाला की ती वार्ता इतरांना त्याच यादीतून मिळत होती. ज्या सोयीचा निषेध होत होता तिचाच वापर निषेधासाठी होत होता. यावरून लोकांना नवी मांडणी आवडली असे चालकांनी मानले व पुढे ही कथा संगणक-व्यवसायात दृष्टांतासारखी सांगितली गेली.

साधनचिकित्सेच्या कसोटीवर हा दृष्टांत तितका भक्कम ठरत नाही. पहिली गोष्ट, २६ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकचे दार १३ वर्षांवरील सर्वांसाठी उघडले. ऑक्टोबरच्या आकड्यात नव्याने आलेले सदस्य मिसळलेले आहेत. ऑगस्ट हा अमेरिकी महाविद्यालयांच्या सुट्टीचा, तर ऑक्टोबर ऐन सत्राचा महिना, हेही विसरता येत नाही. दुसरी गोष्ट, ८ सप्टेंबरनंतरचे न्यूज फीड ५ सप्टेंबरचे राहिले नव्हते. निषेधामुळे त्यात नियंत्रणाची सोय आली होती. म्हणजे वाढलेला वापर हा काही अंशी निषेधाचे फळ होता. तिसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, निषेध करणाऱ्यांनी ‘आम्ही ही पाने पाहणार नाही’ असे म्हटले नव्हते. आपल्या हालचाली इतरांना न विचारता दाखविल्या जाऊ नयेत, ही त्यांची तक्रार होती. तक्रार खासगीपणाची आणि तिचे उत्तर पानांच्या संख्येने, अशी ही विसंगती आहे. गर्दीच्या रस्त्यावरून लोक रोज जातात, म्हणून त्यांना गर्दी आवडते असे ठरत नाही.

२०१३ : फ्लिकरचे नवे रूप

फ्लिकरची स्थापना २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्टुअर्ट बटरफिल्ड व कॅटरिना फेक यांच्या कंपनीने केली. मार्च २००५ मध्ये ‘याहू’ने ते विकत घेतले. छायाचित्रांना शीर्षक, वर्णन व खूणशब्द देण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य होते. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील जुनी छायाचित्रे तेथे मांडली. त्या वर्षअखेरच्या अहवालानुसार ती छायाचित्रे सुमारे १ कोटी ४ लाख वेळा पाहिली गेली. त्यांना ६७,१७६ खूणशब्द जोडले गेले आणि ते जोडणारी खाती अवघी २,५१८ होती. वाचकांनी पुरविलेल्या माहितीच्या आधारे ग्रंथालयाने ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या.

इतिहासाच्या अभ्यासकाने या आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. कोट्यवधी दर्शनांपैकी बहुतेकांनी छायाचित्र पाहून पुढचे पान गाठले. छायाचित्रातील इमारत कोणती, माणूस कोण, साल कोणते, हे सांगणारे मूठभर होते. केवळ दर्शनांची संख्या वाढावी अशा हेतूने मांडणी बदलली आणि त्यात मजकूर मागे पडला, तर पहिला आकडा वाढूनही या मूठभरांचे काम अवघड होऊ शकते. सरासरीच्या आकड्यात त्यांचे जाणे दिसणारही नाही.

जुलै २०१२ मध्ये मरिसा मायर याहूच्या प्रमुख झाल्या. त्या वेळी फ्लिकरला पूर्वीचे वैभव मिळवून द्यावे, असे जाहीर आवाहन वापरकर्त्यांनीच त्यांना केले होते. म्हणजे बदल नको होता असे नव्हे. प्रत्यक्षात मे २०१३ मध्ये एकाच दिवशी तीन बदल झाले : मांडणी बदलली, एक टेराबाइट जागा मोफत मिळाली आणि वार्षिक वर्गणीची ‘प्रो’ सदस्यता नव्याने घेणे बंद झाले. व्यावसायिक छायाचित्रकार अशी वेगळी जात आता उरलेली नाही, अशा आशयाचे उद्गार त्याच प्रसंगी मायर यांच्या तोंडून निघाले व त्याबद्दल त्यांना नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

फिशर यांच्या शिस्तीत वाढलेल्या कोणत्याही प्रयोगकर्त्याला येथील दोष लगेच दिसेल. एकाच वाफ्याला एकाच दिवशी नवे बियाणे, नवे खत आणि नवे पाणी दिले, तर वाढलेल्या पिकाचे श्रेय बियाण्याला देता येत नाही. २०१३ नंतर फ्लिकरवर अधिक छायाचित्रे येऊ लागली असे कोणी दाखविले, तरी ती नव्या मांडणीमुळे आली की मोफत जागेमुळे, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. उलट, एखादा जुना सदस्य निघून गेला असेल, तर तो मांडणीमुळे गेला की ‘प्रो’ सदस्यता बंद झाल्याच्या अवमानामुळे, हेही कळणार नाही.

या प्रश्नाचे आंशिक उत्तर पाच वर्षांनी मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये फ्लिकर ‘स्मगमग’ या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या मालकांनी मोफत टेराबाइट बंद करण्याचे व विनामूल्य खात्यांना १,००० छायाचित्रांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. त्यामागची त्यांची कारणे उद्बोधक आहेत. मोफत जागेने प्रामुख्याने असे सदस्य आणले, ज्यांना साठवणीची जागा हवी होती, छायाचित्रप्रेमींचा सहवास नव्हे, असे त्यांनी म्हटले. तसेच ९७ टक्क्यांहून अधिक विनामूल्य सदस्यांची छायाचित्रे हजारापेक्षा कमी असल्याचेही त्यांनी सांगितले. म्हणजे ज्या प्रचंड जागेचा २०१३ मध्ये गाजावाजा झाला तिची बहुसंख्य विनामूल्य सदस्यांना गरजच पडली नव्हती. दरम्यान, बंद केलेली ‘प्रो’ सदस्यता याहूने स्वतःच २०१५ मध्ये पुन्हा सुरू केली होती.

हे स्पष्टीकरणही नव्या मालकांचे आहे आणि सशुल्क सदस्यता वाढविण्यात त्यांचे हित होते, हे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिसाद एका दिवसाचा किंवा एका महिन्याचा नसतो. बदलाच्या पहिल्या आठवड्यात सवय मोडल्याचा राग असतो, तसेच नावीन्याचे कुतूहलही असते. पहिला राग ओसरतो, त्याचप्रमाणे कुतूहलही ओसरते. म्हणून पहिल्या आठवड्यातील निषेध खोटा मानायचा आणि पहिल्या महिन्यातील वाढ मात्र खरी मानायची, ही निवड पक्षपाती ठरते.

मौनाचा प्रश्न

वरील दोन्ही उदाहरणांत निषेध करणारे आणि वापर चालू ठेवणारे असे दोन गट दिसतात. तिसरा गट दिसत नाही, तो न बोलता निघून गेलेल्यांचा. जो निषेध करतो तो अद्याप संकेतस्थळाशी बांधलेला असतो. सुधारणेची आशा असल्याशिवाय कोणी तक्रार करीत नाही. जो गेला त्याची नोंद यंत्रात केवळ अनुपस्थितीच्या रूपाने राहते. आणखी एक गट राहून गेलेल्यांचा आहे. हजारो छायाचित्रे, त्यांवरील अभिप्राय आणि वर्षानुवर्षांची ओळख एका ठिकाणी साठली असता दुसरीकडे जाणे अवघड होते. असा सदस्य रोज येतो, त्याची प्रत्येक क्लिक मोजली जाते, पण त्याची उपस्थिती ही संमती आहे की नाइलाज, हे क्लिक सांगत नाही. सुखात्मे यांच्या भाषेत सांगायचे तर हा हद्दीवरचा सदस्य होय आणि मोजणाऱ्याचा कल त्याला समाधानी सदस्यांच्या बाजूला ओढण्याकडे असतो.

मोजणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्नही येथे निर्माण होतो. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ सदस्यांच्या न्यूज फीडमधील भावनिक मजकुराचे प्रमाण बदलून त्याचा त्यांच्या लेखनावर होणारा परिणाम तपासला. जून २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर टीका झाली. तुलनागट, यादृच्छिक विभागणी, मोठा नमुना अशा तांत्रिक अटी तेथे पाळल्या गेल्या होत्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत हे मात्र सदस्यांना सांगितले गेले नव्हते. भाताच्या वाफ्याला संमती विचारावी लागत नाही, माणसाला विचारावी लागते. नमुना पाहणीचा कर्मचारी निदान दारात उभा राहून आपली ओळख देतो व प्रश्न विचारतो. संकेतस्थळावरील मोजणी मात्र बहुधा न सांगता होत असते.

निष्कर्ष

१. निषेधाचा आवाज आणि वापराचा आकडा ही दोन्ही एकांगी साधने आहेत. निषेधातून तक्रारीचे स्वरूप कळते, तिची व्याप्ती कळत नाही. आकड्यातून वर्तनाची व्याप्ती कळते, त्यामागचे कारण कळत नाही. एकाने दुसऱ्याचे खंडन होत नाही.

२. बदलापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची केवळ तुलना करणे पुरेसे नाही. जुन्या रूपाचा तुलनागट नसेल, किंवा एकाच वेळी अनेक बदल केले असतील, तर परिणामाचे कारण निश्चित करता येत नाही. २००६ व २०१३ या दोन्ही प्रसंगी जाहीर झालेल्या पुराव्यात हा दोष आढळतो.

३. नमुना कितीही मोठा असला तरी एकाच दिशेने झुकणारी चूक त्यातून दूर होत नाही. पीक कापणी प्रयोगांच्या वादातून भारतीय संख्याशास्त्राने हा धडा संकेतस्थळांच्या जन्माच्या कितीतरी आधी घेतलेला होता.

४. निघून गेलेले, नाइलाजाने राहिलेले आणि संख्येने अल्प परंतु योगदानाने मोठे असलेले सदस्य यांचा स्वतंत्र शोध घेतल्याशिवाय प्रतिसादाचे मोजमाप पूर्ण होत नाही. हा शोध काही महिन्यांचा नव्हे, काही वर्षांचा असावा लागतो.

५. मोजमापाचा निकाल काय लागला, याइतकेच ते कोणी, कशासाठी व कोणाच्या संमतीने केले हेही तपासणे आवश्यक आहे.

या निष्कर्षांचे महत्त्व संकेतस्थळांपुरते मर्यादित नाही. नॅकच्या मूल्यांकनामुळे विद्यार्थ्यांचे अभिप्राय-पत्रक हा आज प्रत्येक महाविद्यालयाच्या कामकाजाचा भाग झाला आहे. अभ्यासक्रम वा वेळापत्रक बदलले की पत्रके भरून घेतली जातात आणि टक्केवारी अहवालात जाते. पत्रक भरले जाते त्या दिवशी वर्गात नसलेला, बाहेरगावाहून येणारी एसटी चुकल्याने पहिला तास बुडालेला आणि वर्षाच्या मध्यात शिक्षण सोडून गेलेला विद्यार्थी त्या टक्केवारीत कोठे असतो, हा प्रश्न फ्लिकरच्या निघून गेलेल्या सदस्याच्या प्रश्नाहून वेगळा नाही. आखलेल्या तुकड्याच्या हद्दीबाहेर कोण राहिले, हे हजेरीपटावरून प्रथम शोधावे आणि मग आतल्यांची टक्केवारी काढावी, एवढा बोध या इतिहासातून घेता येईल.